मालगुजारी वाडा : एक न वाचलेले दप्तर

हेन्री कझिन्स यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी कनिंगहॅम यांनी १८७३-७५ च्या दौऱ्यांत भांदक व मार्कंडा येथील अवशेष पाहिले होते. या विद्वानांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्या मागोमाग जाताना आम्हां संशोधकांस एक खोड जडली, ती ही की, जे दगडाचे तेवढेच प्राचीन मानावयाचे आणि साग, बांबू व माती यांचे जे, ते केवळ घर.

ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी या धानाच्या मुलुखातील मालगुजाराचा वाडा घ्या. पुढे ओसरी व वसुलाची कचेरी, मागे माजघर, बाजूस धानाचे कोठार, बैलांचा कोठा, बंडी ठेवण्याची छपरी आणि पलीकडे खळे. घरची शेती किती होती आणि सवाई-दिढीने रयतेस धान किती दिले जाई, याचा अंदाज हिशेबाच्या वह्या नसल्या तरी कोठाराच्या मापावरून बांधता येतो.

अशा वाड्यास सरसकट 'भोसलेकालीन' म्हणण्याचा प्रघात मात्र आम्हांस मान्य नाही. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, आणि मालगुजारांस जमिनीची मालकी मिळाली ती त्यानंतरच्या बंदोबस्तात. ती १९५१ साली संपली. घराण्याची सनद जुनी, म्हणून भिंतही तितकीच जुनी, हे अनुमान सदोष आहे. मंगळुरी कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. तेव्हा ती कौले असलेले छप्पर त्यापूर्वीचे नव्हे. पण छप्पर बदलता येते. म्हणून खांब पाहावा. त्यावर रिकाम्या खाचा असतील, तर तो दुसऱ्या इमारतीतून आणलेला असण्याचा संभव आहे.

सागाच्या लाकडात दरवर्षीचे वलय उमटते. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील क्रेसिंग टेंपल येथील धान्याची कोठारे तेराव्या शतकातील आहेत, हे लाकडाच्या वलयांवरून ठरले. तेथील राजकीय आयोगाने १९०८ पासून शेतघरे व कोठारेही प्राचीन वास्तूंत गणली. आपल्याकडे बाहेरची वलये तासून गेली असल्यास नेमके वर्ष मिळणार नाही, आणि तुलनेसाठी याच प्रदेशातील सागाची वलयमाला लागेल, हे खरे. पण खांबच उरला नाही, तर वाद कशाचा?

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. वैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही वाड्यातील रुमाल मिळवून आनंदाने परतलो. वाड्याचे साधे मापही घेतले नाही. काही वर्षांनी पुन्हा गेलो, तो तेथे मोकळी जागा. खांब लाकडाच्या भावाने विकले गेले होते. रुमाल आमच्याजवळ आहेत. पण त्यांत उल्लेखिलेली 'उत्तरेकडील कोठी' कोणती, हे आता सांगता येत नाही.

म्हणून संग्राहकांस इतकीच विनंती आहे की, दप्तर उचलण्यापूर्वी वाड्याचा नकाशा काढावा, खांब मोजावेत, आणि कोठार व कोठा यांस वगळू नये. कागद ज्या घरात लिहिला गेला, ते घरही त्या कागदाचा पूर्वार्धच होय.