समतोल कोण राखतो?

माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी लिहिलेली जीवशास्त्राची कोणतीही चार-पाच पुस्तके उघडून पाहिली तर एक ठरावीक क्रम आढळतो. आधी पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन अशा संस्था येतात, मग नियंत्रण व समन्वयाच्या पाठात समस्थिती येते आणि शेवटी जीवसंख्या व परिसंस्था. या मांडणीतील पहिला भाग बहुधा चांगला उतरतो. आमची तक्रार आहे ती शेवटच्या दोन पाठांना जोडणाऱ्या एका शब्दाबद्दल. तो शब्द आहे ‘समतोल’. शरीर समतोल राखते, तसाच निसर्गही समतोल राखतो, असे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात या पुस्तकांत असतेच. शब्द एकच असला तरी त्यामागची यंत्रणा एक नाही, आणि हे विद्यार्थ्याला कोठेही सांगितले जात नाही.

प्रथम शरीराकडे पाहू. पेशींभोवतीचे अंतर्गत वातावरण फार बदलू न देणे ही सजीवांची मोठी किमया आहे, असे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९२६ मध्ये तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. यात तीन घटक लागतात : बदल ओळखणारा, निर्णय घेणारा आणि कृती करणारा. उन्हात फिरून शरीर तापले की मेंदूतील अधश्चेतकाला ते कळते आणि तो घामाच्या ग्रंथींना व त्वचेतील रक्तवाहिन्यांना कामाला लावतो. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि यकृत व स्नायू साखर साठवू लागतात. या यंत्रणेला एक ‘अपेक्षित पातळी’ असते आणि ती राखणारे अवयव बोट ठेवून दाखवता येतात.

येथे पुस्तके एक छोटी चूक करतात. ती पातळी ‘स्थिर’ असते असे म्हणतात. वस्तुतः निरोगी माणसाचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी त्याहून अर्धा-एक अंश सेल्सिअस अधिक असते. तापात तर अधश्चेतकाची अपेक्षित पातळीच वर सरकते. म्हणून ताप चढताना अंग गरम असूनही थंडी वाजते. ‘ताप असताना थंडी का वाजते?’ हा एक प्रश्न वर्गात विचारला तर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा कितीतरी अधिक साधते.

आता जीवसंख्येचा पाठ. येथे हमखास एक आलेख भेटतो : कॅनडातील बर्फाळ ससा आणि त्याला खाणारे लिंक्स हे रानमांजर. सुमारे १८४५ ते १९३५ या काळातील दोन नागमोडी रेषा, दर नऊ-दहा वर्षांनी एक उंची. ससे वाढले की लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे घटतात, आणि अशा रीतीने निसर्ग समतोल राखतो, असा निष्कर्ष खाली लिहिलेला असतो.

आलेख सुंदर आहे, पण तो नेमका कशाचा आहे हे सांगितले जात नाही. तो जंगलात मोजलेल्या प्राण्यांचा नाही. हडसन्स बे कंपनीकडे आलेल्या कातड्यांच्या नोंदींवर तो मुख्यतः आधारलेला आहे. किती कातडी आली हे प्राण्यांइतकेच फासे लावणाऱ्यांच्या श्रमांवरही अवलंबून असते. शिवाय दोन्ही नोंदी एकाच प्रदेशातील नाहीत. मायकेल गिल्पिन याने १९७३ मध्ये हे आकडे गणिती समीकरणांत घालून पाहिले, तेव्हा काही वर्षांत लिंक्सची उंची सशांच्या आधी येते असे दिसले. त्याच्या लेखाचे शीर्षकच ‘ससे लिंक्सना खातात काय?’ असे होते. दहा वर्षांचे चक्र खरे आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आलेखावरून काढलेल्या सोप्या कारणाबद्दल.

हे कारण प्रयोगाने तपासले गेले आहे. चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी युकॉन प्रदेशातील क्लुएन येथे १९८६ पासून आठ वर्षे एकेक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे निवडले. काहींना विजेचे कुंपण घालून जमिनीवरचे शिकारी दूर ठेवले, काहींत जादा अन्न टाकले, एकात दोन्ही केले. चक्राच्या उंचीच्या व उताराच्या काळात शिकारी रोखलेल्या तुकड्यात सशांची दाटी सुमारे दुप्पट राहिली, अन्न दिलेल्या तुकड्यांत तिप्पट, आणि दोन्ही केले तेथे अकरा पट. म्हणजे ही केवळ दोन प्राण्यांची झुंज नाही. अन्न, ससा आणि शिकारी यांची ती एकत्रित गुंतागुंत आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट सशाच्या शरीरात सापडली. शिकारी वाढले की सशाच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवते. मायकेल शेरिफ, क्रेब्स व रुडी बूनस्ट्रा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्याकरवी गाभण माद्यांना शिकाऱ्याची भीती दाखवली. अशा माद्यांना झालेली पिल्ले वजनाने व आकाराने लहान होती. शिकारी न खाताही सशांची वाढ रोखतो, ती अशी. पुस्तकात दोन टोकांना ठेवलेले अंतःस्रावी ग्रंथी आणि जीवसंख्या हे पाठ सशाच्या अंगात एकच आहेत.

मग जीवसंख्येत नियंत्रण मुळीच नसते काय? असते. दाटी वाढली की अन्न अपुरे पडते, रोग व शिकारी वाढतात, जन्म घटतात. पण येथे अपेक्षित पातळी ठरवणारे केंद्र नाही आणि परिणाम उशिरा होतो. या उशिरामुळेच संख्या एका जागी न थांबता वर-खाली झोके घेते. शरीरातील यंत्रणा नैसर्गिक निवडीने घडल्या, कारण ज्यांच्यात त्या नीट चालल्या नाहीत त्यांची संतती कमी राहिली. जंगलाला अशी संतती नसते. त्यामुळे समतोल राखण्यासाठी घडलेला अवयवही त्याच्याजवळ नसतो.

हा शब्दच्छल नाही. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. हे कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. उत्सर्जन संस्थेतील एक बिघाड सबंध जातीला पुसू शकतो हे यातून दिसते. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. कोणताही ‘निसर्गाचा समतोल’ धावून आला नाही. तपास, कायदा आणि माणसांचे प्रयत्न लागले. निसर्ग आपोआप सावरतो असे शिकलेला विद्यार्थी उद्या अशा वेळी स्वस्थ बसला, तर दोष आपल्या शब्दाचाही असेल.

पुस्तके बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘समतोल’ हा शब्द आला की शिक्षकांनी तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत : बदल कोणाला कळतो? कृती कोण करतो? आणि त्याला किती वेळ लागतो? शरीराच्या पाठात तिन्ही उत्तरे मिळतील. जीवसंख्येच्या पाठात पहिल्याच प्रश्नाशी वर्ग अडेल. तेथे घाई करून उत्तर देऊ नये. खरा पाठ तेथूनच सुरू होतो.