‘माजी मालगुजारी तलाव’ : एका शासकीय संज्ञेची चिकित्सा

भंडारा जिल्ह्यातील जुने गावतलाव भातशेतीस पाणी देतात आणि ढिवर समाजाच्या मासेमारीस आधार देतात. शासकीय दप्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी असून ‘मामा तलाव’ हा तिचा संक्षेप आता रूढ झाला आहे. कोणत्याही संज्ञेची परीक्षा दोन प्रश्नांनी करता येते : ती आपल्याला कशाची नोंद ठेवावयास लावते, आणि कशाचा विसर पडू देते?

‘माजी’ हे विशेषण अर्थदृष्ट्या मालगुजारीचे आहे, तलावाचे नव्हे. १९५१ साली तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारांचे स्वामित्वाधिकार संपुष्टात आले. तलाव मात्र होते तेथेच राहिले. तथापि त्यांची ओळख आजही त्या संपलेल्या अधिकारावरूनच दिली जाते. ते बांधणारे कोहळी आणि त्यांत जाळे टाकणारे ढिवर यांचा या नावात मागमूसही नाही.

या विस्मृतीची पूर्वपीठिका रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चतुःखंडात्मक ग्रंथात दिसते. ग्रंथाची माहिती विपुल आहे. ढिवरांच्या पोटशाखांत शिंगाडा पिकविणारे ‘सिंगारिया’, झिंगे पकडणारे ‘झिंगा’, गळ टाकणारे ‘बंसिया’ यांची नोंद त्यात आहे. कोहळ्यांच्या तलावबांधणीचा गौरवही आहे. परंतु वर्णानुक्रमाने ढिवर दुसऱ्या खंडात गेले व कोहळी तिसऱ्या खंडात. ज्या जलाशयाने या दोन समाजांना एकत्र बांधले होते, त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही. पोटशाखांची ही नावे वस्तुतः एकाच पाण्याच्या वाटून घेतलेल्या उपयोगांची नावे आहेत. ग्रंथकारांनी ती जातीची लक्षणे मानली.

पुढील काळात ‘ठेका’, ‘मत्स्यबीज’, ‘उत्पादन’ हे शब्द आले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला आणि रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सुलभ झाले. हा लाभ निर्विवाद होय. तथापि हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून बीज वारंवार विकत घ्यावे लागते. मरळ, शिंगी यांसारखे स्थानिक मासे उथळ, वनस्पतियुक्त काठाशी स्वतःच वाढतात. ‘उत्पादन’ या शब्दाने सोडलेल्या बीजाचा हिशेब ठेवला. आपोआप वाढणाऱ्या माशांचा हिशेब कोणी मागितलाच नाही.

२०१७ सालच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेच्या नावातही असाच एकांगीपणा आहे. ‘मुक्त’ या उत्तरपदामुळे गाळ हे केवळ बंधन ठरते. साठवण वाढविण्यास गाळ काढणे अवश्य असेल. परंतु जलवनस्पती रुजतात त्या गाळातच. काठ सरसकट खोल केला, की चढणीच्या माशांना अंडी घालण्यास जागा उरत नाही.

प्रशासनाला एकसारख्या संज्ञा लागतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र संज्ञेची एकरूपता आणि व्यवस्थापनाची एकरूपता या भिन्न गोष्टी होत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहभागाने तलावांत स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. कोणती वनस्पती कोणत्या खोलीत लावावी आणि कोणता मासा तिच्या आश्रयास येतो, हे ज्ञान तलावावर जगणाऱ्यांच्या बोलीत साठविलेले असते. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासे व इतर उपज यांवरील सामूहिक हक्क मान्य केला; तो हक्क बजावतानाही याच शब्दसंग्रहाची गरज पडते.

म्हणून तलावांच्या नोंदवहीत क्षेत्रफळ, साठवण व ठेक्याची रक्कम यांच्या जोडीला मासे व वनस्पती यांची स्थानिक नावे आणि त्यांचे ऋतू यांचे रकाने असणे अवश्य आहे. मालगुजार गेले तरी त्यांचे नाव टिकले. ज्यांच्या हाती जाळे आहे, त्यांचे शब्द टिकविण्याची व्यवस्था मात्र अद्याप व्हावयाची आहे.