झिजलेला रंग आणि छायाचित्राचे शीर्षक

जुन्या यंत्रांवरील झिजलेल्या रंगात दिसणारे अमूर्त आकृतिबंध टिपणाऱ्या छायाचित्रांचा विचार बहुधा चित्रकलेच्या अंगाने केला जातो. त्यामुळे एक प्रश्न मागे पडतो. अशा छायाचित्राला नाव काय द्यावे? प्रश्न गौण भासतो; परंतु छायाचित्र कशाचे आहे याचा निर्णय पुष्कळदा शीर्षकच करीत असते.

लोखंडावर रंग एकदाच चढत नाही. प्रथम शेंदराचे अथवा अन्य तांबडे अस्तर, त्यावर कारखान्याचा रंग, पुढे दुरुस्तीच्या निमित्ताने आणखी हात. उन्हाने वरच्या थरातील बंधक द्रव्य विघटित होते व रंगाची भुकटी सुटू लागते. तड्यातून पाणी शिरले की लोखंड गंजते. गंज मूळ धातूहून अधिक जागा व्यापत असल्याने रंगाला खालून उचलतो. पोपडा गळतो आणि त्याच्या कडेशी सारे थर क्रमाने उघडे पडतात. दांड्यावर जेथे कामगाराचा हात नित्य पडे, तेथील रंग मात्र गंजाने नव्हे, घासून गेलेला असतो. तेव्हा डोळ्यांस अमूर्त वाटणाऱ्या या आकृतीला कारण आहे आणि कालक्रमही आहे.

अशा छायाचित्रांना ‘सूर्यास्त’ किंवा ‘सागरतट’ अशी नावे देण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही अपह्नुती होय: हा रंग नव्हे, सागर आहे. उपमेयाचा निषेध झाला की पाहणारा सागर शोधतो, तो सापडताच समाधान पावतो, आणि पाहणे तेथेच थांबते. अमूर्ताच्या नावाखाली हा सादृश्याचाच खेळ झाला.

अमेरिकन छायाचित्रकार आरन सिस्किंड (१९०३–१९९१) याने हा मोह कटाक्षाने टाळला. त्याचे विषय यंत्रांपेक्षा भिंती व फाटकी भित्तिपत्रके हे अधिक. परंतु नावाचा प्रश्न तोच. न्यूयॉर्कच्या शाळांत इंग्रजी शिकविणारा हा गृहस्थ प्रारंभी हार्लेम वस्तीच्या जीवनाची दस्तऐवजी छायाचित्रे घेत असे. १९४० नंतरच्या दशकात तो सपाट पृष्ठभागांकडे वळला आणि फ्रान्झ क्लाइनसारख्या चित्रकारांच्या वर्तुळात वावरू लागला. १९५९ च्या त्याच्या छायाचित्रसंग्रहाची प्रस्तावना हॅरोल्ड रोझेनबर्ग या कलासमीक्षकाने लिहिली, यावरूनही हे नाते ध्यानी येते. तथापि त्याची शीर्षके बहुतांशी स्थळ, वर्ष आणि क्वचित एखादा क्रमांक एवढीच असतात. क्लाइनला वाहिलेल्या १९७० नंतरच्या मालिकेतही आदरांजलीच्या शब्दांबरोबर लिमासारखे स्थलनाम त्याने कायम ठेवले. चित्राशी साम्य मान्य करूनही ‘हे तेथे होते’ हे विधान तो सोडीत नाही. चार्ल्स सँडर्स पर्स याच्या वर्गीकरणात छायाचित्र हे वस्तूशी प्रत्यक्ष संबंध असलेले निर्देशक चिन्हही आहे. सिस्किंडचे शीर्षक त्या निर्देशाला साहाय्य करते.

मात्र हे साहाय्य अपुरे आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. स्थळ कळते, वस्तू कळत नाही. रंग दाराचा की फलकाचा, तो कोणी व कशासाठी लावला, याविषयी शीर्षक मौन पाळते. भिंतीच्या बाबतीत हे चालून जाईल. यंत्राच्या बाबतीत चालू नये. इंजिनाचा की नांगराचा रंग, हे कळले तरच घासलेला भाग आणि गंजलेला भाग यांतील भेद वाचता येतो.

शिवाय स्थलनामाचा अर्थही स्थिर राहत नाही. पोपडे सुटलेल्या रंगाचे सिस्किंडचे एक प्रसिद्ध छायाचित्र १९४९ मधील असून त्याच्या शीर्षकात अ‍ॅरिझोनातील जेरोम हे गाव आहे. त्या वर्षी जेरोम हे उतरती कळा लागलेले, तरी तांब्याची खाण चालू असलेले गाव होते. १९५३ मध्ये खाण बंद पडली आणि वस्ती जवळजवळ ओस झाली. शीर्षकातील एक अक्षरही बदललेले नाही. पण आजचा प्रेक्षक त्या पोपड्यांत ओसाड गाव पाहतो, जे छायाचित्र घेतले तेव्हा अजून झालेले नव्हते.