आलेखाची शेपटी

पॉझिट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाच्या, आयुर्मानाचा आलेख समोर आला की नजर आधी शिखरावर जाते. रस आहे तो उजवीकडच्या उतारात. आडवे नॅनोसेकंद, उभ्या नोंदी, त्याही लॉगरिदमच्या पट्टीवर. शिखरावरून रेष तोरण्याच्या कड्यासारखी तुटून खाली येते आणि मध्येच मंदावून लांबत जाते. प्लॅस्टिकच्या रेणूसाखळ्यांमधल्या पोकळ्यांचं माप त्या लांबलेल्या शेपटीत असतं.

मांडणी साधी. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या तुकड्यांमध्ये सोडियम-२२ ठेवायचं. त्यातून पॉझिट्रॉन निघतो आणि जवळजवळ त्याच क्षणी १.२७ एमईव्हीचा गॅमा किरण, घड्याळ सुरू. पॉझिट्रॉन एखाद्या इलेक्ट्रॉनसह नाहीसा झाला की ०.५११ एमईव्हीचा किरण, घड्याळ बंद. अशा लाखो नोंदी जमवायच्या. सोडियम गुंडाळायला बहुधा कॅप्टॉनची फिल्म घेतात, कारण कॅप्टॉनमध्ये पॉझिट्रोनियम बनतच नाही आणि शेपटीत भेसळ होत नाही. ही निवड मला फार आवडते.

पॉझिट्रोनियम म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची अल्पजीवी जोडी. मार्टिन डॉइच यांनी ती १९५१ मध्ये शोधली. तिचा ऑर्थो प्रकार निर्वातात सरासरी १४२ नॅनोसेकंद जगतो. प्लॅस्टिकमध्ये तो पोकळीत शिरतो, भिंतीतला इलेक्ट्रॉन त्यातल्या पॉझिट्रॉनला गाठतो आणि आयुष्य दोन-तीन नॅनोसेकंदांवर येतं. पोकळी जितकी ऐसपैस, तितकी भिंतीशी गाठ उशिरा.

ताओंनी १९७२ मध्ये आणि एल्ड्रुप व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे सूत्रात बसवलं. पोकळी गोल धरायची आणि तिला आतून ०.१६६ नॅनोमीटर जाडीचा इलेक्ट्रॉनांचा थर लावायचा. हा आकडा सिद्धांतातून आलेला नाही. ज्यांच्या पोकळ्या आधीच माहीत होत्या अशा पदार्थांशी ताळा घालून बसवलेला आहे. शुद्धतावाद्यांनी खुशाल नाकं मुरडावीत! एवढ्या एका तडजोडीवर दोन नॅनोसेकंदांतून ०.२९ नॅनोमीटर त्रिज्या हाती येते. प्लॅस्टिकमध्ये कुठलीच पोकळी इतकी गोल नसते, तरी उत्तर कामाचं निघतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. पुजारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुवारिकांतल्या पोकळ्या याच वाटेने वाचल्या आहेत.

भोर-वेल्ह्याचा आंबेमोहोर पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, वास तरी बाहेर येतोच. पॉलिथिनमध्ये शेपटी अडीच नॅनोसेकंदांच्या आसपास भरते. साखळ्या हलत राहतात, पोकळ्या जागा बदलतात आणि वासाचे रेणू त्यांतून वाट काढतात.

पीव्हीसीची तऱ्हा निराळी. भोरचं नाव लावणाऱ्या भोर इंडस्ट्रीजची कच्ची पीव्हीसी फिल्म थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती बाजारात विकण्याजोगी असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून तिच्यावर एक्साइज नाही, असा निकाल १९८९ मध्ये लागला. पॉझिट्रॉनपुढे मात्र अशा फिल्मचा क्लोरीन आडवा येतो: पॉझिट्रोनियम जुळण्याआधीच तो डाव मोडतो आणि शेपटी क्षीण होते. पण शेपटीची उंची वेगळी आणि तिचा उतार वेगळा. जोड्या किती जुळल्या ते उंची सांगते, पोकळी केवढी ते उतार सांगतो. उंची घटली तरी उतार वाचता येतो. नोंदी मात्र पुष्कळ जास्त घ्याव्या लागतात.