सुप्याचा दंगा : रोष आणि लक्ष्य

१२ मे १८७५ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, सुपे येथे जमावाने मारवाडी व गुजर सावकारांची घरे आणि दुकाने लुटली. तत्कालीन भीमथडी तालुक्यातील हे गाव आज बारामती तालुक्यात मोडते. तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रक्षोभाची चौकशी सरकारनियुक्त आयोगाने केली. त्याच्या अहवालाच्या आधारे आपल्याकडील इतिहासलेखन या घटनेकडे प्रामुख्याने शेतकऱ्यांचा उठाव म्हणून पाहत आले आहे. हे वाचन निराधार नसले तरी अपुरे आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

त्याची सबळ बाजू प्रथम मान्य केली पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर कोसळले. १८६७ च्या सुमारास इंदापुरापासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली व बोजा वाढला. सावकारांनी हात आखडला. दिवाणी हुकूमनाम्यांनी जमिनी जाऊ लागल्या. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते निमूटपणे स्वाधीन केल्यास बहुधा पुढील उपद्रव टळे.

तथापि त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे. जेथे ब्राह्मण व इतर जातींचे लोकही सावकारी करीत, तेथे बहुधा मारवाड्यांनाच उपद्रव झाला. व्याज सर्वच घेत असता परके तेवढेच ठरले. कर्ज रोषाचे कारण सांगते. लक्ष्याची निवड मात्र त्यातून उलगडत नाही. ती समजण्यासाठी भाषा, धर्म आणि गावातील नातेसंबंधांचा अभाव यांकडे वळावे लागते. वर्गसंघर्षाच्या मांडणीत नेमका हाच भाग गळून पडतो.

हा भेद पुढील काळातही उपयोगी आहे. ८ मे १९७० रोजी जळगाव येथे उसळलेल्या हिंसाचारात ४३ माणसे मेली. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालानुसार त्यांपैकी ४२ मुसलमान होती. ‘दंगल’ हा शब्द आखाड्यातलाही आहे व त्यात दोन जोडीदार गृहीत असतात. हे आकडे त्या गृहीताला छेद देतात. सुपे आणि जळगाव एका तागडीत तोलता येणार नाहीत, कारण सुप्यात रोखे जळले, जळगावात माणसे मेली. परंतु दोन्हीकडे अभ्यासकाला दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : लोक का संतापले, आणि त्यांनी कोणती दारे ओलांडून कोणते दार फोडले? पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा सुटला, असे मानल्यास शेतकऱ्याची खरी कैफियत जमावाच्या निवडीचे समर्थन बनते.