'आदिवासी' हे विशेषण आणि कोशाचे कापड

पुरुषांच्या आधुनिक वेषभूषेत 'ट्रायबल' हा शब्द अलीकडे विशेषण म्हणून रुळला आहे. कोशाच्या कापडाची बंडी, गोंड चित्रशैलीतील हरिण छापलेला कुर्ता, करवती काठाचे जाकीट या तिन्ही वस्तू त्या एकाच शब्दाखाली मांडल्या जातात. या वेषाच्या गुणदोषांचा विचार करावयाचा तर प्रथम या विशेषणाचा अर्थ तपासणे अगत्याचे ठरते. त्या दृष्टीने १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हे उत्तम उदाहरण होय. येथे गोंड वस्ती आहे, कोसा आहे आणि भंडारा-नागपूरकडील विणकरांशी जुना संबंधही आहे.

कापडाची जुनी नावे प्रथम पाहावीत. 'कोसा' हा शब्द संस्कृत 'कोश' या शब्दापासून आला असून तो किड्याच्या वेष्टनाचा निर्देश करतो. 'टसर' या शब्दाच्या मुळाशी 'तसर' म्हणजे धोटा आहे; हा शब्द ऋग्वेदातही आढळतो. 'करवती' हे नाव काठावरील करवतीच्या दात्यांसारख्या आकृतीवरून पडले. एक नाव द्रव्य सांगते, दुसरे साधन सांगते, तिसरे आकृती सांगते. 'ट्रायबल' हा शब्द यांपैकी काहीच सांगत नाही. तो वस्तूऐवजी माणसांच्या एका वर्गाचा निर्देश करतो, आणि तो निर्देशही येथे बरोबर नाही.

ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर कोसा वाढविण्याचे काम या भागात परंपरेने मुख्यतः ढिवर समाजाकडे आहे. विणण्याचे काम कोष्ट्यांचे. गोंडांचा परंपरागत व्यवसाय विणकाम हा नव्हे. ते आपले कापड विणकर जातींकडून घेत आले. ओडिशातील कोटपाडचे प्रसिद्ध कापडही आदिवासींसाठी विणले जाते. विणणारे मिरगान हे परंपरेने विणकर होत. म्हणजे ज्याला आदिवासी वस्त्र म्हणतात ते बहुधा अनेक समाजांमधील देवघेवीचे फळ असते. एका विशेषणाने ती देवघेव पुसली जाते, आणि विणणाराही तिच्याबरोबर पुसला जातो.

कायद्याच्या क्षेत्रात या शब्दाचे मोल फार वेगळे आहे. विदर्भातील 'हलबा कोष्टी' म्हणविणाऱ्या वर्गाने अनुसूचित जमातींच्या यादीतील 'हलबा' या नोंदीवर हक्क सांगितला होता. २८ नोव्हेंबर २००० रोजी 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, त्या नोंदीत 'हलबा कोष्टी' समाविष्ट आहेत असे वाचता येणार नाही. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे अप्रस्तुत आहे. तथापि विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे: जे नाव विणकरास यादीत मिळत नाही, तेच त्याने विणलेल्या कापडास दुकानात विनासायास मिळते. एकीकडे शब्दाची व्याप्ती काटेकोरपणे मोजली जाते, दुसरीकडे ती कोणी विचारीत नाही.

छापील कुर्त्याची गोष्ट निराळी आहे. तेथे आदिवासित्व खरे असते, परंतु प्राचीनत्व बव्हंशी कल्पित असते. कागदावरील गोंड चित्रशैली मुख्यतः जनगढसिंह श्याम या परधान चित्रकाराने घडविली. भोपाळचे भारत भवन १९८२ मध्ये उघडले, त्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रोत्साहनाने तो पुढे आला. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. ठिपक्यांची व रेघांची ती भरण एका ज्ञात कलावंताची निर्मिती आहे. तिला 'अनादि परंपरा' म्हणणे हा गौरव वाटतो खरा, पण त्यामुळे कर्त्याचे नाव लोपते.

आता वेषाच्या रूपाकडे वळावे. करवती काठ हा कापडावर मागाहून चढविलेला अलंकार नव्हे. काठाचा व अंगाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी, एकूण तीन धोटे चालवून, एकमेकांत गुंतविला जातो. त्या गुंतवणीतूनच दाते उमटतात. उपरण्याला असा काठ शोभतो, कारण ते न शिवलेले वस्त्र आहे आणि काठ हीच त्याची सीमा असते. जाकीट कापून शिवावे लागते. कापडाचा मूळ काठ जाकिटाच्या समोरील कडेवर आणणारा कारागीर काठाचे सीमेचे काम कायम ठेवतो. दात्यांची आकृती पाठीवर छापणारा केवळ चिन्ह उचलतो. पहिल्या प्रयोगात परंपरेचे आकलन आहे, दुसऱ्यात तिचे अवतरण आहे, आणि तेही कर्त्याच्या नावाविना. दोहोंना एकच विशेषण लावणारी समीक्षा आपले काम करीत नाही.

नावाचा हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा मुख्यतः नावाचे रक्षण करतो, आकृतीचे नव्हे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन संस्थेने पुरुषांच्या वेषप्रदर्शनात कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे मांडली, ती 'कोल्हापुरी' हे नाव न घेता. २०१९ मध्ये त्या नावास निर्देशन मिळालेले होते, तरी नाव टाळल्याने ते निरुपयोगी ठरले. टीका झाल्यावर संस्थेने मूळ प्रेरणा मान्य केली. 'ट्रायबल' हा शब्द अशा टाळाटाळीस फारच सोयीचा आहे. तो कोणाच्याही मालकीचा नाही, म्हणून त्याचा जाबही कोणाला द्यावा लागत नाही.

यावरून समीक्षेने धरावयाचा निकष स्पष्ट होतो. वस्त्राचे वर्णन द्रव्य, साधन, आकृती आणि कर्ता या चार अंगांनी करावे. समाजाचे नाव येईल ते कर्त्याच्या अनुषंगाने यावे. 'ढिवरांनी पाळलेल्या कोशाचे, कोष्ट्यांनी तीन धोट्यांवर विणलेले करवती कापड' हे वर्णन लांब आहे, परंतु त्यातील प्रत्येक पद तपासून पाहता येते. 'ट्रायबल जाकीट' हे वर्णन आटोपशीर आहे. त्यातील तपासता येण्याजोगे पद एकच, ते म्हणजे 'जाकीट'.