खलनायकाचा आवाज चढला कधी?

वणीच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत होतो. गडावर पायी निघालेली खानदेशातली पोरं शेजारच्या बाकड्यावर टेकली होती. एकाच्या मोबाइलवर ऐतिहासिक चित्रपटांतले संवाद वाजत होते, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे, एकामागोमाग. पडदा मला दिसत नव्हता, नुसतं कानावर येत होतं. चहा संपेपर्यंत मावळा कुठला आणि खान कुठला, हे काही ओळखता आलं नाही. दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

'फर्जंद'पासून (2018) 'पावनखिंड'पर्यंत (2022) ही लाट लोकांनी डोक्यावर घेतली. घेऊ देत. खणखणीत संवाद भालजी पेंढारकरांचेही होते; पण तिथे पात्रं एकमेकांशी बोलत, आता सगळी थेट शिट्टी मारणाऱ्याशी बोलतात. 'माहेरची साडी'च्या (1991) वाटेने गेलेल्या सासवा-सुना मी सोडूनच देतो, तो नुसता हुंदका होता. तात्या विंचू आणि कवट्या महाकाळ गमतीचे, त्यांच्याशी भांडण नाही.

आठवतो तो 'सामना'. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेलेला. तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा धनी, सगळा मुलूख खिशात. पण निळू फुले आवाज चढवतात कुठे? रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि त्या अगत्यातूनच आपल्या पोटात गोळा येतो. समोर डॉ. लागूंचा मास्तर. त्याचं भाषण नाही, शपथ नाही. मारुती कांबळेबद्दलचा एकच प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारतो, आणि दर खेपेला पाटलाचं हसू थोडं उतरतं. राग म्हणतात तो हा. तेच फुले 'सिंहासन'मध्ये (1979) दिगू टिपणीस होतात, तेव्हा शेवटी त्यांच्याजवळ शब्दच उरत नाहीत.

नागराज मंजुळेंना हे कळलंय. 'सैराट'च्या (2016) शेवटी भाऊ आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन येतो, आर्ची चहा टाकते. एवढंच. तलवारी उपसणाऱ्या दहा चित्रपटांत मिळून त्या चहाइतकी दहशत नाही.

निर्माते म्हणतात, गावाकडच्या प्रेक्षकाला भडकच लागतं. हे कुणी ठरवलं? दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागवाल्याला विचारा, खलनायक कसा बोलतो. गोड बोलतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजतो, 'दादा, काका' करतो, म्हातारीच्या पाया पडतो, घरात पंगतीला बसतो. शेवटची गाडी भरून गेली की त्याचा फोन लागत नाही. आणि ज्याचा माल गेला तो? 'आपलंच चुकलं' म्हणतो अन् एप्रिलच्या खरडछाटणीला लागतो. त्या दोन शब्दांत काय काय गिळलेलं असतं, ते त्याच्या बायकोला कळतं. आमच्या संवादलेखकांना कळत नाही. त्यांना त्याच्या हातात कुऱ्हाड द्यायची असते आणि तोंडी पानभर आरोळी.

आणा ना त्या व्यापाऱ्याला एकदा पडद्यावर. पार्श्वसंगीत नको, मिशीला पीळ नको. ओसरीवर बसवा, हातात कप द्या आणि त्याला नुसतं 'दादा' म्हणू द्या.